कुरुंदवाडची पागा आणि महाराष्ट्रीय सर्कशीचा उदयास्त

इ. स. १८८० हे वर्ष मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्या वर्षी ३१ ऑक्टोबर रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाच्या युगास आरंभ झाला. त्याच वर्षी कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानच्या चाकरीतील चाबुकस्वार विष्णुपंत छत्रे यांनी ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पहिल्या घटनेवर आजवर विपुल लेखन झाले आहे. दुसरीची बोळवण मात्र बहुधा ‘छत्रे हे भारतीय सर्कशीचे आद्य प्रवर्तक होत’ एवढ्या एका वाक्यात केली जाते. हे वाक्य खरे असले, तरी त्यातून उद्‌भवणाऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते. ज्या प्रांताने हा व्यवसाय निर्माण केला, त्याच्या हातून तो पुढच्या पन्नास-साठ वर्षांत निसटला कसा?

या प्रश्नाला सामान्यतः देण्यात येणारे उत्तर चित्रपटाकडे बोट दाखविते. १९१३ मध्ये मूकपट आला, १९३१ मध्ये बोलपट आला आणि त्याने नाटक मंडळ्यांप्रमाणेच सर्कशीचेही प्रेक्षक ओढून नेले, असे हे उत्तर आहे. परंतु चित्रपट काही एकट्या महाराष्ट्रात आला नव्हता. ज्या काळात मराठी मालकांचे तंबू एकामागून एक उठत गेले, नेमक्या त्याच काळात मलबारी मालकांचे तंबू देशभर पसरत होते. जे कारण एकाला बुडविते आणि दुसऱ्याला तारते, ते कारण म्हणून पुरेसे मानता येत नाही. तेव्हा या ऱ्हासाचे मूळ सर्कशीच्या बाहेर शोधण्यापूर्वी तिच्या घडणीत शोधले पाहिजे.

छत्रे यांच्या प्रेरणेविषयी एक आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. १८७९च्या सुमारास जुझेप्पे कियारिनी याची ‘रॉयल इटालियन सर्कस’ मुंबईस आली होती. तिचे खेळ पाहावयास कुरुंदवाडचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन गेले, त्यांच्याबरोबर छत्रेही होते. अशी सर्कस उभी करणे हिंदी लोकांना इतक्यात शक्य नाही, असे कियारिनीने उद्‌गार काढले, पैज लागली आणि काही महिन्यांतच छत्र्यांनी ती जिंकली, असा या कथेचा सारांश आहे. कथेतील पैजेची रक्कम, घोड्याचे बक्षीस आणि महिन्यांची संख्या ही सांगणाऱ्यागणिक बदलतात. अशा तपशिलांवर इतिहासकाराने फार भार टाकू नये. तथापि कथेचा गाभा अर्थपूर्ण आहे. परकीयाने हिणवावे आणि एतद्देशीयाने ते करून दाखवावे, ही त्या काळच्या मध्यमवर्गाची आवडती मांडणी होती. स्वदेशीच्या भावनेला तीत आपले प्रतिबिंब दिसत असे.

कियारिनीची सर्कस नावाने इटालियन असली, तरी ती अमेरिकेच्या वाटेने आली होती, ही गोष्ट सहसा नोंदली जात नाही. कियारिनी हा जुन्या इटालियन कसरतपटूंच्या घराण्यातला खरा. पण त्याच्या कर्तबगारीचा मोठा भाग हवाना, मेक्सिको आणि सॅन फ्रान्सिस्को येथे गेला होता. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून निघून ऑस्ट्रेलिया, पूर्व आशिया आणि हिंदुस्थान अशा दूरच्या मुलखात फिरणारा त्याचा तांबा अमेरिकन पद्धतीने बांधलेला होता. मोठा तंबू, बरोबर बाळगलेली जनावरे, गाव सोडण्याआधीच पुढच्या गावी लागलेल्या जाहिराती आणि एकाच तिकिटात अनेक प्रकारचे खेळ, ही ती पद्धत होय. कापडी तंबूत सर्कस भरविण्याची कल्पनाच मुळी अमेरिकेत १८२५ च्या सुमारास रूढ झाली. युरोपात तोवर सर्कशीला पक्की इमारत लागत असे. छत्र्यांनी जे पाहिले आणि उचलले ते हे चालते-फिरते रूप होते.

मात्र उचलता येते ते बाह्य रूप. सर्कशीचा आत्मा असलेले रिंगण उचलण्यासाठी ते झेपणारा माणूस लागतो. फिलिप ॲस्टली या इंग्रज घोडेस्वाराने १७६८ मध्ये लंडनला वर्तुळाकार रिंगणात खेळ सुरू केले आणि पुढे त्या रिंगणाचा व्यास ४२ फूट असा ठरून गेला. हा आकडा हौसेने निवडलेला नाही. या व्यासाच्या वर्तुळात घोडा एका लयीत दौडू लागला की, तो आतल्या बाजूस किंचित कलतो आणि त्याच्या पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराला वर्तुळगतीचाच आधार मिळून तोल राखता येतो. वर्तुळ फार लहान असेल तर घोडा अडखळतो. फार मोठे असेल तर हा आधार क्षीण होतो. झोके, विदूषक, हत्ती आणि वाघ हे सर्व पुढे आले. मुळात सर्कस म्हणजे घोडा. सर्कशीचा उगम तालमीतून झाला, हे आपल्याकडील लोकप्रिय मत या दृष्टीने अपुरे ठरते. मल्लखांब आणि कुस्ती यांनी तिला अंगे पुरविली, परंतु पाया पागेनेच घातला.

छत्रे हे घोडा शिकविण्यात निष्णात होते. गाण्याच्या आणि अश्वविद्येच्या ओढीने ते ग्वाल्हेरीस राहिले होते. हद्दूखाँसारख्या गायकाचा सहवास आणि शिंदेशाहीतील घोड्यांचा परिचय त्यांना तेथेच लाभला. कुरुंदवाडास परत आल्यावर त्यांच्या हाती संस्थानची पागा आली. १८१८ नंतर पटवर्धनांच्या घोडदळाला लढाईचे प्रयोजन उरले नव्हते, पण दरबारी इतमामासाठी घोडे, मोतद्दार, चाबुकस्वार आणि त्यांच्यामागे पिढ्यांचे ज्ञान हे सर्व टिकून होते. निरुपयोगी झालेले एक लष्करी कौशल्य तेथे नव्या उपयोगाची वाट पाहात होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

येथे नागपूरची तुलना सहजच मनात येते. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. त्यानंतर भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डी येथे लिलावात मातीमोलाने विकले गेले. भोसल्यांची पागा कुरुंदवाडच्या पागेहून कितीतरी मोठी होती. पण ती मोडली, माणसे पांगली आणि तिच्याबरोबर ते ज्ञानही गेले. कृष्णाकाठची लहान संस्थाने वाचली, वऱ्हाड-नागपूरचे मोठे राज्य गेले. विष्णुदास भाव्यांचे नाटक १८४३ मध्ये सांगलीस पटवर्धनांच्या आश्रयाने उभे राहावे आणि सर्कस कुरुंदवाडास पटवर्धनांच्याच आश्रयाने निघावी, यामागे एका लहानशा टापूची प्रतिभा जितकी आहे तितकेच हे राजकीय सुदैवही आहे.

उगम संस्थानात झाला तरी सर्कशीचे पोषण संस्थान करू शकत नव्हते. एका गावचे प्रेक्षक आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात आणि जनावरे रोज खातात. तेव्हा फिरणे भाग होते आणि फिरण्यासाठी रेल्वे हवी होती. रेल्वेच्या जाळ्याकडे पाहिले म्हणजे नागपूरचे या इतिहासातील स्थान कळते. हे शहर १८६७ मध्ये मुंबईशी जोडले गेले होते. १८९१ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेची वाट आसनसोलपर्यंत खुली झाली. पश्चिमेकडून बंगालकडे निघालेल्या तंबूने येथे मुक्काम करावा, अशी योजना भूगोलानेच केलेली होती. शिवाय जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ पासून येथे चालू होती. महिन्याकाठी रोख पगार घेणारा कामगारवर्ग आणि हिवाळ्यात कापूस विकून हातात पैसा खेळणारा वऱ्हाडी शेतकरी हे दोन्ही प्रेक्षक एकाच मोसमात, दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत, तंबूच्या दाराशी येऊ शकत. दरबारी बैठकीत मानाप्रमाणे बसणारा प्रेक्षक येथे तिकिटाप्रमाणे बसू लागला. हा बदल सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लहान नाही.

छत्र्यांच्या सर्कशीने देशभर प्रवास केला. सिलोन आणि आग्नेय आशियापर्यंत तिचा संचार झाला. तिच्या यशाने इतरांना धीर आला. कार्लेकर, देवल, पटवर्धन, शेलार अशा नावांच्या मराठी सर्कशी निघाल्या; बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांनी १८८७ मध्ये ‘ग्रेट बेंगॉल सर्कस’ काढली. स्त्रियांच्या दृष्टीनेही हे क्षेत्र वेगळे होते. मराठी रंगमंचावर स्त्रीभूमिका पुरुषच करीत असण्याच्या त्या काळात छत्र्यांच्या पत्नीने झोक्यावरील कामे केल्याचे उल्लेख मिळतात आणि बोस यांच्या तंबूत सुशीलासुंदरी वाघांच्या पिंजऱ्यात शिरत असे. रंगमंचावर जे निषिद्ध होते ते रिंगणात चालून गेले. त्याचे एक कारण कदाचित असे असेल की, सर्कशीला प्रतिष्ठित कलांच्या पंक्तीत स्थानच नव्हते; ज्याला प्रतिष्ठा नाही त्याच्यावर पहाराही कमी असतो.

छत्र्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे, कारण तो पुढील विवेचनाला उपकारक आहे. हद्दूखाँचे पुत्र, ‘भूगंधर्व’ म्हणून ख्यातनाम झालेले रहिमतखाँ, विपन्नावस्थेत भटकत असता छत्र्यांनी त्यांना आसरा दिला. हा थोर पण लहरी आणि व्यसनाधीन गवई पुढे वर्षानुवर्षे सर्कशीबरोबर फिरला. वाघ-घोड्यांच्या तांड्यात ग्वाल्हेर घराण्याचा एक अलौकिक स्वर सांभाळला गेला, ही घटना अन्यत्र क्वचितच घडली असेल. १९०५ मध्ये विष्णुपंत वारल्यानंतरही रहिमतखाँचा सांभाळ कुरुंदवाडास झाला आणि १९२२ मध्ये त्यांचा अंत झाला. या औदार्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्यातून ग्रेट इंडियन सर्कशीचे स्वरूपही उघड होते. ती एका धन्याचे घर होती. धनी गुणी माणसे जमवीत असे, पोशीत असे, त्यांचे रुसवे काढीत असे. हिशेबाच्या वहीपेक्षा तिला धन्याच्या शब्दाचा आधार अधिक होता. विष्णुपंतांच्या पश्चात बंधू काशिनाथपंत यांनी धुरा वाहिली, परंतु अशा घराची घडी वारशाने जशीच्या तशी मिळत नसते.

याच्या उलट घडलेली गोष्ट तेलिचेरीची आहे, आणि गंमत अशी की, तिचेही बीज छत्र्यांनीच टाकले. १८८७-८८च्या सुमारास त्यांची सर्कस मलबार किनाऱ्यावर तेलिचेरीस गेली असता कीलेरी कुन्हिकण्णन या कळरिपयट्टूच्या आणि कसरतीच्या शिक्षकाशी त्यांची गाठ पडली. कुन्हिकण्णन यांनी मुलांना शिकवून तयार करावे आणि छत्र्यांनी त्यांना आपल्या तंबूत कामे द्यावीत, असे उभयतांत ठरले. छत्र्यांच्या दृष्टीने ही माणसे मिळविण्याची सोय होती. कुन्हिकण्णन यांनी मात्र तिचे शिक्षणसंस्थेत रूपांतर केले. १९०१ मध्ये तेलिचेरीजवळ चिरक्कर येथे त्यांनी सर्कशीचे विद्यालय काढले. तेथून निघालेले विद्यार्थी प्रथम इतरांच्या तंबूत नोकर झाले, मग स्वतःचे तंबू काढू लागले. १९०४ मध्ये त्यांचे शिष्य परियाळी कण्णन यांची ‘ग्रँड मलबार सर्कस’ निघाली. कुन्हिकण्णन १९३९ मध्ये वारले, तोवर सर्कशीची भाषा बव्हंशी मल्याळी झालेली होती.

आता १९०१ या सालाकडे पुन्हा पाहावे. त्याच वर्षी ५ मे रोजी लाहोरला पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पलुसकर हे कुरुंदवाडचेच. छत्रे ज्या संस्थानच्या पागेतून निघाले, त्याच संस्थानात ते जन्मले आणि मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने शिकले. गाणे दरबाराबाहेर आले, तिकिटाच्या बैठकीत आले, हे तर झालेच; परंतु पलुसकरांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांनी गुरूच्या घरातील विद्या वर्गात आणली, पाठ्यक्रम केला, शिकविणारे शिक्षक तयार केले. म्हणून त्यांची संस्था त्यांच्या देहाबरोबर संपली नाही. विदर्भातही असेच एक उदाहरण आहे. १९१४ मध्ये अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तालमीतील विद्येला शाळेचे रूप दिले आणि १९३६ मध्ये त्याचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी व्यायामाची प्रात्यक्षिके करून आले. म्हणजे गायन आणि व्यायाम या दोन्ही क्षेत्रांत मराठी समाजाला आश्रयातून संस्थेकडे जाण्याची वाट सापडली. ती सर्कशीत सापडली नाही, आणि सापडली ती मलबारात.

असे का व्हावे? गायन आणि व्यायाम यांना राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीने उराशी धरले. त्यांच्यासाठी वर्गणी गोळा होई, व्याख्याने होत, पुढारी अध्यक्षस्थानी बसत. सर्कशीवर लोकांनी प्रेम केले, पण ती शिकण्याची विद्या आहे असे सुशिक्षितांस वाटले नाही. आपल्या मुलाने मल्लखांबावर चढावे, ही इच्छा असलेल्या गृहस्थाला त्याने झोक्यावर पोट भरावे, ही कल्पना सोसवत नसे. तेलिचेरीत कळरीची गुरुपरंपरा आणि उपजीविकेची निकड एकत्र आल्या. तेथे ती लाज आड आली नाही. मराठी सर्कशीला खेळाडू मिळत राहिले, परंतु ते एकेका मालकाच्या नात्यागोत्यातून किंवा गावकीतून. मालक गेला, भावाभावांत बेबनाव झाला, साथीत जनावरे मेली की तंबू उठत असे आणि त्याच्या मागे खेळाडू घडविणारे काही उरत नसे. नाटक मंडळ्यांच्या फुटीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही.

अमेरिकेतील सर्कशीचा मार्ग याहून भिन्न होता. बार्नमने १८७१ मध्ये ब्रुकलिन येथे आपला प्रचंड तंबू उभारला आणि त्याचा भागीदार कूप याने पुढच्याच वर्षी तो सगळा पसारा रेल्वेच्या खास डब्यांवर चढविला. १८८१ मध्ये बेलीशी भागीदारी होऊन एकाच तंबूखाली तीन रिंगणे आली. विस्कॉन्सिनमधील बाराबू या लहान गावी रिंगलिंग बंधूंनी १८८४ मध्ये काढलेल्या सर्कशीने बेलीच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये, बार्नम-बेली विकत घेतली; १९१९ मध्ये दोन्ही एक झाल्या. येथे मालक मरतो, पण नाव विकले जाते, करार राहतात, हिवाळी तळावर जनावरे आणि कारागीर राहतात. भांडवल हीच तेथील संस्था होती. अर्थात तिलाही मरण चुकले नाही. ६ जुलै १९४४ रोजी हार्टफर्डला खेळ चालू असता तंबूला आग लागून दीडशेहून अधिक माणसे मेली. १६ जुलै १९५६ रोजी पिट्सबर्गला त्या सर्कशीने आपला शेवटचा तंबू उतरविला आणि ती बंदिस्त सभागृहांत गेली. मे २०१६ मध्ये हत्तींचे खेळ थांबले. २१ मे २०१७ रोजी तिचा अखेरचा प्रयोग झाला. २०२३ मध्ये ते नाव पुन्हा रस्त्यावर आले, पण जनावरांविना. भांडवलाने आयुष्य वाढविले, इतकेच म्हणता येईल.

या दोन इतिहासांना जोडणारा एक मराठी माणूस आहे. दामू धोत्रे यांचा जन्म १९०२ मध्ये पुण्यात झाला. मामांच्या शेलार सर्कशीत ते लहानपणी वाढले आणि तेथेच वाघसिंहांशी त्यांची गट्टी जमली. पण पुढे शेलारांच्या तंबूला त्यांचे कर्तृत्व पेलण्याइतका विस्तार राहिला नव्हता. ते परदेशी सर्कशींत गेले, फ्रान्समध्ये आल्फ्रेड कोर्ट या नामवंत शिक्षकाच्या हाताखाली आले आणि १९४० मध्ये कोर्टबरोबर रिंगलिंग सर्कशीत दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन सैन्यात नोकरी केली, नंतर पुन्हा त्याच रिंगणात बिबटे, वाघ आणि प्यूमा खेळविले. प्रकृतीमुळे ते पुण्यास परतले आणि १९७३ मध्ये तेथेच निवर्तले. ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ या पुस्तकामुळे मराठी वाचकाला ते ज्ञात आहेत. त्यांची हकीकत बहुधा एका पराक्रमी पुरुषाची यशोगाथा म्हणून वाचली जाते. ती तशी आहेच. परंतु जगातील सर्वांत मोठ्या सर्कशीने ज्याला आपला मानले, त्याला त्याची विद्या शिकविण्यासाठी स्वतःच्या गावी एकही शाळा नव्हती, हेही त्या हकीकतीतच दडलेले आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील कायद्यांचा विचार या संदर्भात सावधपणे करावयास हवा. १९९१ आणि १९९८ च्या अधिसूचनांनी वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बिबटा यांच्या खेळांवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने ती २००१ मध्ये उचलून धरली. १८ एप्रिल २०११ रोजी त्याच न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामास ठेवण्यास मनाई केली. जनावरांचे आणि मुलांचे हाल पाहता हे निर्णय न्याय्य होते, यात वाद नाही, आणि त्यांनी उरलेल्या सर्कशींचे अर्थकारण मोडले, यातही नाही. पण त्यांचा आघात मुख्यतः मलबारी तंबूंवर झाला. मराठी मालकांपैकी बहुतेकांचे तंबू त्याच्या कितीतरी आधी उठलेले होते.

ते कसे उठले याचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या नावाचे आहे. बाबूराव कदम यांनी १९२० मध्ये ‘ग्रँड बॉम्बे सर्कस’ काढली. १९४७ मध्ये कीलेरी कुन्हिकण्णन यांचे भाचे के. एम. कुन्हिकण्णन यांनी आपल्या व्हाइटवे आणि ग्रेट लायन या दोन सर्कशी तिच्यात विलीन केल्या आणि एकत्रित तंबूला ‘ग्रेट बॉम्बे सर्कस’ असे नाव दिले. मराठी माणसाने लावलेली पाटी बहुतांशी तशीच राहिली. तिच्याखाली काम करणारी मुले चिरक्करच्या परंपरेत शिकून आलेली होती.